अपवाद शृंखला

अपवाद शृंखला ही संगणकीय आज्ञावलीलेखनातील त्रुटी हाताळण्याची एक पद्धत आहे. आज्ञावली चालू असताना एक अपवाद उद्भवला आणि त्याला प्रतिसाद देताना दुसरा अपवाद फेकला गेला, तर दुसऱ्या अपवादात पहिल्याचा संदर्भ जपून ठेवणे हे या पद्धतीचे सार होय. इंग्रजीत ती ‘एक्सेप्शन चेनिंग’ या नावाने ओळखली जाते. शृंखलेच्या एका टोकाला वापरकर्त्याला जाणवलेली अडचण असते, तर दुसऱ्या टोकाला त्या अडचणीचे मूळ कारण असते. मधले दुवे एकापासून दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचावे हे सांगतात. जावा, पायथन, सी शार्प, सी प्लस प्लस, पीएचपी, रुबी आणि जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये अशी सोय उपलब्ध आहे. गो आणि रस्ट या भाषांमध्ये परंपरागत अर्थाने अपवाद नसले, तरी त्रुटींची अशीच साखळी तयार करता येते.

पार्श्वभूमी

आज्ञावलीतील एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला बोलावते, आणि अशा रीतीने कामांची उतरंड रचली जाते. तळाच्या फंक्शनला काम पूर्ण करता आले नाही, तर ती वार्ता वर पोहोचवण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग त्रुटिसंकेताचा. सी भाषेतील अनेक ग्रंथालयीन फंक्शने अपयश आल्यास उणे एक किंवा शून्य अशी ठरावीक किंमत परत करतात. बोलावणाऱ्याने ती किंमत तपासली नाही, तर आज्ञावली काहीच घडले नाही अशा थाटात पुढे चालत राहते. दुसरा मार्ग अपवादाचा. अपवाद फेकला की नेहमीचा क्रम थांबतो आणि तो पकडणारा कोणी सापडेपर्यंत नियंत्रण उतरंडीतून वर सरकत जाते. कोणीही पकडला नाही, तर सामान्यतः आज्ञावली संपुष्टात येते. म्हणूनच त्रुटिसंकेतापेक्षा अपवादाकडे दुर्लक्ष करणे अवघड असते.

अपवाद हाताळणीच्या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी जॉन गुडइनफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात केली. त्याच दशकात बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लू या भाषेत अपवादांची शिस्तबद्ध व्यवस्था आणली. पुढे अडा, सी प्लस प्लस आणि जावा या भाषांनी ही संकल्पना आपापल्या पद्धतीने स्वीकारली.

मोठ्या आज्ञावल्या थरांमध्ये विभागलेल्या असतात. सर्वांत खालचा थर फाइल, जाळे किंवा विदागार यांच्याशी बोलतो, मधला थर व्यवहाराचे नियम सांभाळतो आणि वरचा थर वापरकर्त्याशी संवाद साधतो. खालच्या थरातील अपवाद जसाच्या तसा वर जाऊ दिला, तर वरच्या थराला अनावश्यक तपशिलांची ओळख ठेवावी लागते. उद्या विदागार बदलले, तर वरची आज्ञावलीही बदलावी लागेल. यावर उपाय म्हणून प्रत्येक थराने खालचा अपवाद पकडून आपल्या पातळीला साजेसा नवा अपवाद फेकावा, असा संकेत रूढ झाला. त्याला अपवादाचे रूपांतर म्हणतात. जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातही ही शिफारस आढळते.

रूपांतरात मात्र एक धोका दडलेला असतो. नवा अपवाद फेकताना जुना सोडून दिला, तर मूळ कारण कायमचे हरवते. ‘खाते उघडता आले नाही’ एवढाच संदेश उरतो. डिस्क भरली होती, परवानगी नव्हती की जाळे तुटले होते, याचा मागमूस राहत नाही. थरांची स्वायत्तता आणि कारणांचे जतन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याची गरज अपवाद शृंखलेतून पूर्ण होते.

कार्यपद्धती

बहुतेक आधुनिक भाषांमध्ये अपवाद ही एक वस्तू असते. तिच्यात साधारणतः तीन गोष्टी असतात: अपवादाचा प्रकार, माणसाला वाचता येईल असा संदेश आणि स्टॅक ट्रेस, म्हणजे अपवाद उद्भवला त्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते त्याची यादी. शृंखलेसाठी यात चौथी गोष्ट जोडली जाते, ती म्हणजे कारणाचा संदर्भ. नवा अपवाद तयार करताना पकडलेला अपवाद त्याच्याकडे कारण म्हणून सोपवला जातो. त्या कारणालाही स्वतःचे कारण असू शकते. कारण नसलेला दुवा आला की शृंखला संपते आणि तो शेवटचा दुवा मूळ कारण मानला जातो. जावामध्ये एखादा अपवाद स्वतःलाच कारण म्हणून जोडता येत नाही, तसेच एकदा नेमलेले कारण नंतर बदलता येत नाही.

शृंखला छापण्याचा क्रम भाषेनुसार बदलतो. जावामध्ये सर्वांत वरचा, म्हणजे शेवटी फेकलेला अपवाद आधी छापला जातो आणि त्याखाली ‘कॉज्ड बाय’ या शब्दांनी सुरू होणारे एकेक कारण येते. त्यामुळे मूळ कारण सहसा शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ ओळीत सापडते. दोन दुव्यांच्या स्टॅक ट्रेसमधील सामाईक ओळी पुन्हा न छापता ‘आणखी इतक्या’ अशी संक्षिप्त नोंद केली जाते. पायथनमध्ये क्रम उलटा असतो. सर्वांत आधीचा अपवाद प्रथम आणि शेवटचा अपवाद तळाशी छापला जातो. म्हणून पायथनमध्ये मूळ कारणासाठी मजकुराच्या वरच्या भागाकडे पाहावे लागते. केवळ शेवटची ओळ वाचण्याची सवय असलेल्या नवशिक्या आज्ञावलीकारांच्या नजरेतून ते अनेकदा निसटते.

स्पष्ट आणि अध्याहृत शृंखला

शृंखला दोन प्रकारे तयार होते. आज्ञावलीकाराने जाणीवपूर्वक कारण जोडले, तर ती स्पष्ट शृंखला होय. पायथनमध्ये त्यासाठी ‘रेझ’ या विधानाला ‘फ्रॉम’ हा शब्द जोडून मूळ अपवादाचे नाव दिले जाते. याउलट, एक अपवाद हाताळला जात असताना त्या हाताळणीतच दुसरा अपवाद उद्भवला, तर पायथन पहिल्याचा संदर्भ आपोआप नोंदवून ठेवते. ही अध्याहृत शृंखला होय.

दोन्हींच्या छापील मजकुरात नेमका फरक केला जातो. स्पष्ट शृंखलेत दोन अपवादांच्या मध्ये ‘वरील अपवाद हे पुढील अपवादाचे थेट कारण होते’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य येते. अध्याहृत शृंखलेत ‘वरील अपवाद हाताळला जात असताना दुसरा अपवाद उद्भवला’ असे म्हटले जाते. पहिले वाक्य कार्यकारणसंबंध सांगते, तर दुसरे केवळ घटनाक्रम सांगते. त्रुटी शोधताना हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण अपवाद हाताळणाऱ्या भागातच नवी चूक असल्याचे दुसऱ्या वाक्यावरून लक्षात येऊ शकते.

मागचा संदर्भ खरोखरच निरुपयोगी असेल, तर पायथन ३.३ पासून ‘फ्रॉम नन’ लिहून तो छापील मजकुरातून वगळता येतो. असे केल्यावरही अपवादाच्या वस्तूमध्ये तो संदर्भ शिल्लक राहतो.

दडपलेले अपवाद

काही वेळा दोन अपवादांमध्ये कारण आणि परिणाम असे नाते नसते. फाइलीत लिहिताना एक अपवाद आला आणि नंतर फाइल बंद करतानाही दुसरा आला, असे घडू शकते. यातील दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली, तर महत्त्वाची माहिती नष्ट होते. २०११ साली आलेल्या जावा ७ मध्ये संसाधने आपोआप बंद करणाऱ्या ‘ट्राय’ विधानाबरोबर दडपलेल्या अपवादांची सोय आली. तीत मुख्य अपवाद कायम राहतो आणि बंद करताना आलेला अपवाद त्याच्या सोबतच्या यादीत नोंदवला जातो.

उदाहरण

एका शाळेचा निकाल तयार करणारी पायथन आज्ञावली आहे असे समजू. फाइलीच्या प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचे नाव आणि गुण आहेत. एक फंक्शन ओळी वाचून गुणांचे पूर्णांकात रूपांतर करते. गुणांच्या जागी अक्षरे आढळल्यास पायथन ‘व्हॅल्यूएरर’ हा अपवाद फेकते. आज्ञावलीकाराने तो पकडून ‘गुणत्रुटी’ नावाचा स्वतःचा अपवाद फेकण्याची व्यवस्था केली असून त्यातील संदेश ‘गुणांच्या रकान्यात अंक नाहीत’ असा आहे.

आता ही आज्ञावली अशा विंडोज संगणकावर चालवली की ज्यावर पश्चिम युरोपीय लिपींसाठीचे १२५२ हे संकेतपान पूर्वनिश्चित आहे. फाइल यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत साठवलेली आहे, परंतु ती उघडताना आज्ञावलीत संकेतन नमूद केलेले नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. हलन्ताच्या चिन्हाचे तीन बाइट षोडशमान पद्धतीत ई०, ए५ आणि ८डी असे आहेत. यातील ८डी या बाइटासाठी १२५२ संकेतपानात कोणतेही चिन्ह नेमलेले नाही. त्यामुळे ‘प्रज्ञा’ यासारखे जोडाक्षरयुक्त नाव यादीत असेल, तर वाचन थांबते आणि ‘यूनिकोडडिकोडएरर’ हा अपवाद फेकला जातो. ह्रस्व उकार आणि झ ही अक्षरचिन्हेही अशीच अडतात. याउलट ‘कमल’, ‘सागर’ अशीच नावे असलेली यादी अपवादाशिवाय वाचली जाते, मात्र अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे हाती येतात.

पायथनमध्ये ‘यूनिकोडडिकोडएरर’ हा ‘व्हॅल्यूएरर’चाच उपप्रकार आहे. परिणामी गुणांसाठी लावलेला सापळा त्यालाही पकडतो आणि वापरकर्त्यासमोर ‘गुणांच्या रकान्यात अंक नाहीत’ हा संदेश येतो. शिक्षक गुणांचा रकाना तपासत बसतात. तेथे सर्व अंक बिनचूक असतात. अंक देवनागरीत आहेत म्हणून असे घडले असावे, असा तर्कही चुकीचा ठरतो, कारण पूर्णांकात रूपांतर करताना पायथन देवनागरी अंकही स्वीकारते. मूळ कारण गुणांत नसून नावांच्या जोडाक्षरांत आहे, हे या संदेशावरून कोणालाही कळू शकत नाही.

शृंखला जपली असेल, तर नोंदवहीत पुढील स्वरूपाचा मजकूर मिळतो. (पायथन हा मजकूर इंग्रजीत छापते. येथे त्याचे मराठी रूप दिले आहे.)

    यूनिकोडडिकोडएरर: ‘चारमॅप’ संकेतनाला ८डी हा बाइट उलगडता येत नाही
    वरील अपवाद हे पुढील अपवादाचे थेट कारण होते:
    गुणत्रुटी: गुणांच्या रकान्यात अंक नाहीत

पहिली ओळ वाचताच दोष संकेतनाचा असल्याचे स्पष्ट होते. फाइल उघडताना यूटीएफ-८ असे नमूद करणे एवढाच त्यावरील उपाय आहे. या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. वरच्या थराने दिलेला संदेश हा त्या थराचा अंदाज असतो आणि तो चुकू शकतो. शृंखला त्या अंदाजासोबत मूळ पुरावाही जपते. सापळा केवळ रूपांतराच्या विधानापुरता मर्यादित ठेवला असता, तर चुकीचा संदेश मुळातच तयार झाला नसता.

त्रुटिसंदेशांचे व्यवस्थापन

शृंखलेतील प्रत्येक संदेश कोणासाठी आहे, हे आधी ठरवावे लागते. वापरकर्त्याला काय घडले आणि आता काय करावे, एवढे हवे असते. आज्ञावलीकाराला प्रकार, स्टॅक ट्रेस आणि सर्व कारणे हवी असतात. म्हणून संपूर्ण शृंखला नोंदवहीत लिहून वापरकर्त्याला थोडक्यात संदेश व एक नोंदक्रमांक देण्याची पद्धत रूढ आहे. वापरकर्त्याने तो क्रमांक कळवला की नोंदवहीतील नेमकी शृंखला शोधता येते. याखेरीज पुढील संकेत सामान्यतः पाळले जातात.

* प्रत्येक थराने आपल्याला ठाऊक असलेला तपशील जोडावा. फाइल वाचणाऱ्या थराला तिचे नाव ठाऊक असते, तर निकालाच्या थराला इयत्ता ठाऊक असते. खालच्या दुव्यातील संदेश वरच्या दुव्यात पुन्हा उतरवू नये.
* नवी माहिती जोडायची नसेल, तर अपवाद न पकडता वर जाऊ द्यावा. निव्वळ गुंडाळण्यासाठी गुंडाळलेले अपवाद शृंखला विनाकारण लांबवतात.
* अपवाद एकदाच नोंदवावा. प्रत्येक थराने नोंदवून पुन्हा फेकल्यास एकच घटना नोंदवहीत अनेकदा दिसते आणि त्रुटींची संख्या फुगते.
* अपवाद पकडून काहीही न करता सोडून देऊ नये. रिकामा सापळा शृंखलेची पहिली कडीच नाहीशी करतो.
* आज्ञावलीने निर्णय घेताना संदेशाच्या मजकुरावर विसंबू नये. मजकूर आवृत्तीगणिक बदलतो आणि त्याचे भाषांतरही होते. निर्णयासाठी अपवादाचा प्रकार किंवा स्थिर त्रुटिसंकेत वापरावा.

तिसरा संभाव्य वाचक म्हणजे हल्लेखोर. संकेतस्थळावर संपूर्ण शृंखला दाखवल्यास विदागारातील सारण्यांची नावे, फाइलींचे मार्ग आणि वापरलेल्या ग्रंथालयांच्या आवृत्त्या उघड होतात. सॉफ्टवेअरमधील दुबळेपणाच्या सीडब्ल्यूई या सूचीत संवेदनशील माहिती उघड करणाऱ्या त्रुटिसंदेशांना २०९ हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. नोंदवहीतही संकेतशब्द किंवा वैयक्तिक माहिती उतरणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

संदर्भहीन संदेशांचे परिणाम

मूळ कारणापासून तुटलेला त्रुटिसंदेश किती घातक ठरू शकतो, हे दाखवणाऱ्या दोन घटना संगणकशास्त्राच्या अभ्यासात वारंवार उद्धृत केल्या जातात. या दोन्हींत आजच्या अर्थाने अपवाद शृंखला वापरात नव्हती.

थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचारांचे संगणकनियंत्रित यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रारणाची प्रचंड अतिमात्रा मिळाल्याच्या घटना घडल्या आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातील टायलर येथे झालेल्या अपघातांत पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढाच संदेश आला होता. चालकांच्या पुस्तिकेत या क्रमांकाचे स्पष्टीकरण नव्हते. किरकोळ बिघाडांचे संदेश यंत्रावर वरचेवर येत असल्याने एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवण्याची चालकांना सवय झाली होती. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या घटनांची सविस्तर चिकित्सा आहे. अपघातांची मूळ कारणे आज्ञावलीतील दोष आणि यांत्रिक सुरक्षाकड्यांचा अभाव ही होती. तथापि काहीही न सांगणाऱ्या संदेशामुळे धोका वेळीच ओळखता आला नाही.

दुसरी घटना ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झालेल्या एरियान ५ या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणाची आहे. ६४ बिटांच्या अपूर्णांकी संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करताना ती संख्या मर्यादेबाहेर गेली आणि जडत्व संदर्भ प्रणालीच्या अडा भाषेतील आज्ञावलीत अपवाद उद्भवला. या रूपांतरासाठी संरक्षक तजवीज नव्हती. राखीव आणि मुख्य अशा दोन्ही प्रणाली एकाच कारणाने बंद पडल्या. बंद पडताना मुख्य प्रणालीने पाठवलेली निदानविषयक माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली आणि अग्निबाणाची दिशा एकाएकी बदलली. उड्डाणक्रम सुरू झाल्यानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. जाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने ही कारणपरंपरा आपल्या अहवालात नोंदवली. त्रुटीची वार्ता आणि प्रत्यक्ष माहिती यांत स्पष्ट भेद नसणे, हा त्या परंपरेतील एक दुवा होता.

विविध भाषांमधील सोय

* जावा: २००२ साली आलेल्या १.४ आवृत्तीत सर्व अपवादांच्या मूळ वर्गात कारणाची सोय समाविष्ट झाली. त्यापूर्वी काही निवडक वर्गांमध्ये यासाठी वेगवेगळ्या नावांच्या पद्धती होत्या.
* सी शार्प आणि डॉट नेट: प्रत्येक अपवादाला ‘इनर एक्सेप्शन’ हा गुणधर्म असतो. २०१० सालच्या डॉट नेट ४ मध्ये एकाहून अधिक अपवाद एकत्र बाळगणारा ‘अ‍ॅग्रिगेट एक्सेप्शन’ आला.
* पायथन: का-पिंग यी यांनी २००५ साली मांडलेल्या ३१३४ क्रमांकाच्या सुधारणा प्रस्तावानुसार २००८ सालच्या ३.० आवृत्तीत शृंखला आली. २०२२ सालच्या ३.११ आवृत्तीत अपवादांचे गट आणि अपवादाला टिपा जोडण्याची सोय आली.
* पीएचपी: २००९ सालच्या ५.३ आवृत्तीपासून नवा अपवाद तयार करताना आधीचा अपवाद देता येतो.
* सी प्लस प्लस: २०११ सालच्या प्रमाणित आवृत्तीत अपवाद एकात एक गुंफण्याची सोय प्रमाण ग्रंथालयात आली.
* रुबी: २०१३ सालच्या २.१ आवृत्तीपासून कारण आपोआप नोंदवले जाते.
* रस्ट: त्रुटीचा स्रोत सांगणारी पद्धत प्रमाण ग्रंथालयात आहे.
* गो: २०१९ सालच्या १.१३ आवृत्तीत त्रुटी गुंडाळण्याची व शृंखलेतील विशिष्ट त्रुटी शोधण्याची प्रमाण पद्धत आली. १.२० आवृत्तीपासून एक त्रुटी अनेक त्रुटींना गुंडाळू शकते.
* जावास्क्रिप्ट: एक्मास्क्रिप्ट २०२२ या प्रमाणकात त्रुटी तयार करताना कारण देण्याचा पर्याय आला.

मर्यादा

शृंखला रेषीय असते, तर अपयश नेहमीच रेषीय नसते. समांतर चालणारी अनेक कामे एकाच वेळी फसली, तर त्यांतील एकालाच कारण म्हणणे योग्य ठरत नाही. डॉट नेटमधील समूह अपवाद आणि पायथनमधील अपवादगट या गरजेतून आले आहेत.

शृंखला एका प्रक्रियेच्या सीमेतच आपोआप टिकते. विनंती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे गेली की अपवादाची वस्तू सहसा तिच्याबरोबर जात नाही. अशा वेळी सर्व नोंदवह्यांमध्ये समान नोंदक्रमांक वापरून दुवे जुळवावे लागतात.

अपवाद स्मृतीत साठवून ठेवल्यास त्याच्याशी जोडलेली माहितीही अडकून पडते. पायथनमध्ये स्टॅक ट्रेसच्या वस्तूतून फंक्शनांमधील स्थानिक चलांपर्यंत पोहोचता येते, त्यामुळे ती चलेही मुक्त होत नाहीत. याच कारणास्तव पायथन ३ मध्ये अपवाद पकडताना दिलेले नाव तो विभाग संपताच पुसले जाते.

शिवाय, शृंखलेतील शेवटचा दुवा हा यंत्राच्या दृष्टीने मूळ असतो. संकेतन का नमूद केले गेले नाही किंवा डिस्क का भरली, या प्रश्नांची उत्तरे शृंखलेत नसतात. ती माणसालाच शोधावी लागतात.

हेही पाहा

* अपवाद हाताळणी
* स्टॅक ट्रेस
* डीबगिंग
* यूटीएफ-८
* थेरॅक-२५
* एरियान ५